साप चावलेल्या पेशंटला उशीर कोण करतं?



या ब्लॉगवर मी बहुतेक वेळा बीपी, शुगर, थायरॉइड यांबद्दल लिहितो. आजचा विषय वेगळा आहे आणि सूरही वेगळा आहे. थोडा रागातच लिहायला बसलोय, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

गेल्या पावसाळ्यात वाड्याच्या रस्त्याकडच्या एका गावातली बाई आपल्या दिराला घेऊन माझ्या निजामपुऱ्यातल्या दवाखान्यात आली. तिशीतला माणूस, पायावर ड्रेसिंग, चेहरा सुजलेला. घोणस चावली होती. तीन आठवडे मोठ्या हॉस्पिटलात काढले, चार वेळा डायलिसिस झालं, वाचला. आता किडनीची तपासणी करायला आले होते. मी फाइल उघडली. पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं, त्याचा मराठीत अर्थ असा: ‘उशिरा दाखल. आधी भगताकडे नेले होते.’

बाई म्हणाली, “डॉक्टर, आम्हाला तिथे प्रत्येक जण हेच बोलला. सिस्टर बोलली, वॉर्डबॉयसुद्धा बोलला. अडाणी कुठले, उशिरा आणलंत.”

मी तिला म्हटलं, ताई, त्या संध्याकाळचा हिशेब सांगा. घड्याळ लावून सांगा.

साडेसहाला बांधावर चावा. पळत घरी. भगत शेजारच्याच आळीत, तो आला, त्याने मंत्र म्हटला, पाला लावला, वीस मिनिटं. तोवर कोणीतरी १०८ ला फोन लावला होता. गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली, यायला वेळ लागेल म्हणाले. मग टेम्पोवाल्याला शोधलं, साडेसातला निघाले. आठ वाजता पहिला सरकारी दवाखाना. डॉक्टर जागेवर नव्हते. सिस्टरने सलाईन लावलं आणि चिठ्ठी लिहून दिली, पुढे न्या. नऊ वाजता दुसरं ठिकाण. तिथे डॉक्टर होते, पण सापाच्या विषावरचं इंजेक्शन संपलेलं. पुन्हा चिठ्ठी. मधे एका खाजगी हॉस्पिटलात विचारलं, तर आधी पैसे भरा म्हणाले. साडेअकराला मोठ्या हॉस्पिटलच्या दारात. पहिली बाटली हातात लागली तेव्हा रात्रीचे सव्वाबारा झाले होते.

साडेसहा ते सव्वाबारा म्हणजे ३४५ मिनिटं. त्यातली भगताची वीस. फाइलवर मात्र त्या विसांचीच नोंद होती. उरलेल्या सव्वातीनशे मिनिटांचा फाइलमध्ये पत्ताच नव्हता, कारण ती आम्हा डॉक्टर मंडळींची होती.

तुम्ही म्हणाल, भिवंडीच्या डॉक्टरला खेड्याशी काय देणंघेणं? भिवंडी म्हणजे यंत्रमाग आणि गोदामं. पण निजामपुऱ्यातून मोटारसायकल काढली तर पाऊण तासात तुम्ही अनगाव, पडघा, वज्रेश्वरी यातल्या कुठेही पोचता, आणि मुख्य रस्ता सोडून आत वळलात की कातकऱ्यांचे, वारल्यांचे पाडे सुरू होतात. पावसाळ्यात काही पाड्यांवरून पेशंट अजून झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावा लागतो. आणि काल्हेर-पूर्णा-माणकोलीची गोदामं म्हणाल, तर जिथे धान्य आणि पुठ्ठा तिथे उंदीर, आणि जिथे उंदीर तिथे साप. गोदामातला वॉचमन खाली पुठ्ठा टाकून झोपतो. त्यामुळे हा विषय आपल्या दारातलाच आहे.

भगत जिंकतो का?

आधी एक साधी गोष्ट समजून घ्या. भारतात सापांच्या तीनशेच्या आसपास जाती आहेत, त्यांतल्या साठेकच विषारी. माणसं मरतात ती मुख्यतः चार सापांमुळे: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. आपल्याकडे मिळणारं इंजेक्शन या चौघांच्या विषावर केलेलं असतं. बाकी बहुतेक चावे बिनविषारी सापांचे असतात. विषारी साप चावला तरी दर वेळी तो विष सोडतोच असं नाही, त्याला आम्ही कोरडा चावा म्हणतो.

आता भगताच्या जागी बसून बघा. त्याच्याकडे दहा जण आले तर त्यातले बरेचसे काहीही न करता बरे होणारच आहेत. तो रात्री दोनलाही दार उघडतो. पैसे आधी मागत नाही. हात धरून बसतो, घाबरलेल्या माणसाशी बोलतो. आमच्याकडे जे दहा येतात त्यांत भगताच्या हातून न सुधारलेले जास्त, म्हणजे खरोखर विष चढलेले. साहजिकच आमच्याकडे मरणारे जास्त दिसतात. गावकऱ्याने डोळ्यांनी जे पाहिलं त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष चुकीचा असेल, पण मूर्खपणाचा अजिबात नाही.

मी भगताची वकिली करत नाही. मंत्राने विष उतरत नाही, आणि घोणस-मण्यारच्या चाव्यात वीस मिनिटंसुद्धा महाग पडतात. माझं म्हणणं इतकंच, की भगतावर बोट ठेवलं की बाकीच्यांना उत्तर द्यावं लागत नाही. सोयीचं आहे ते.

गावकऱ्यांच्या अडाणीपणामुळे मृत्यू होतात की गाडी आणि औषध न मिळाल्यामुळे, हे तपासून बघता येतं. नेपाळच्या तराईत, दमक भागातल्या गावांत, डॉक्टर-संशोधकांनी ते तपासलं. गावात मोटारसायकल असलेल्या तरुणांची यादी केली. साप चावला की यांना हाक मारायची, पेशंटला दोघांच्या मधे बसवायचं आणि थेट सर्पदंश केंद्रात आणायचं. जोडीला गावात माहिती सांगितली. २०१३ मध्ये त्यांनी निकाल छापला. चावलेल्यांतले मृत्यू शंभरात साडेदहावरून शंभरात अर्ध्यावर आले होते. लोक तेच, साप तेच. मोटारसायकल आणि माहिती एवढंच नवीन.

मेलेल्यांची मोजणी

तुम्हाला वाटेल, सरकारला हे कळत कसं नाही? याचं उत्तर नोंदवहीत आहे.

आपल्या देशात सापामुळे किती माणसं मरतात, हे अनेक वर्षं सरकारी हॉस्पिटलांच्या नोंदींवरून ठरत होतं. २००३ ते २०१५ या काळात सरकारी हॉस्पिटलांतले जाहीर झालेले सर्पदंशाचे मृत्यू होते साधारण १५,५००. म्हणजे वर्षाला हजार-बाराशे. एवढ्या मोठ्या देशात हा आकडा कोणाच्या डोळ्यांत भरणार?

मग भारताच्या महानिबंधकांच्या कार्यालयाने आणि प्रभात झा यांच्या गटाने ‘मिलियन डेथ स्टडी’ नावाचा अभ्यास केला. पद्धत साधी होती. हॉस्पिटलच्या वहीवर विसंबायचं नाही. देशभरातून निवडलेल्या गावांत आणि वस्त्यांत घरोघर जायचं, ज्या घरात मृत्यू झाला तिथे बसायचं आणि विचारायचं, काय झालं होतं, कसं झालं होतं. ते उत्तर मग डॉक्टरांनी वाचून कारण ठरवायचं. २०११ मध्ये त्यातला सर्पदंशाचा भाग प्रसिद्ध झाला. वर्षाला जवळजवळ ४६ हजार मृत्यू. त्यातले ९७ टक्के खेड्यांत. सगळ्यात जास्त जून ते सप्टेंबर. आणि मेलेल्यांपैकी ७७ टक्के माणसं हॉस्पिटलच्या बाहेर गेली होती, घरी किंवा वाटेत. २०२० मध्ये त्याच गटाने पुढचा हिशेब मांडला: २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे १२ लाख मृत्यू, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार.

७७ टक्के हा आकडा पुन्हा वाचा. शंभरातले सत्त्याहत्तर जण हॉस्पिटलात मेलेच नाहीत, तर हॉस्पिटलच्या वहीत ते येतील कसे? आणि वहीत नाहीत म्हणून पुढच्या वर्षीच्या औषधाच्या मागणीत नाहीत, डॉक्टरांच्या प्रशिक्षणात नाहीत. औषध कमी येतं, म्हणून ‘संपलंय’ ही चिठ्ठी मिळते, म्हणून माणूस वाटेत मरतो, आणि तोही वहीत येत नाही. या चक्रात गावकऱ्याचा अडाणीपणा कुठे बसतो ते मला दाखवा.

गडचिरोलीत हेच बाळांच्या बाबतीत झालं होतं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावोगाव जन्म-मृत्यूंची नोंद ठेवली तेव्हा कळलं, की नवजात बाळं घरातच जन्मतात आणि घरातच मरतात, हॉस्पिटलचा संबंधच येत नाही. मग त्यांनी ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं. बाळाला ऊब कशी द्यायची, श्वास कसा मोजायचा, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा आणि गरज पडली तर इंजेक्शन कसं द्यायचं. चार बुकं शिकलेल्या बायका नवजात बाळाला इंजेक्शन देणार, यावर तेव्हा आमच्यातल्या किती जणांनी नाकं मुरडली! १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. नवजात मृत्यूंचं प्रमाण हजारी ६२ वरून साडेपंचविसावर आलं होतं. आज तुमच्या घरी बाळ झाल्यावर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी येऊन वजन करते ना? ते त्या ३९ गावांतून देशभर गेलेलं आहे.

महाडची गोष्ट

मला मात्र सगळ्यात जवळची वाटते ती महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांची गोष्ट, कारण ते माझ्यासारखेच फिजिशियन. १९७६ मध्ये ते महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातला लाल विंचू तुम्हाला माहीत असेल. तो चावला की तरणीताठी माणसं, लहान मुलं एका रात्रीत जायची. घाम, उलट्या, हातपाय बर्फासारखे गार, मग छातीत पाणी भरून गुदमरून मृत्यू. पुस्तकात याबद्दल फारसं काही नव्हतं, कारण पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या शहरात लाल विंचू नव्हता.

बावस्करांनी काय केलं? पेशंटच्या खाटेशी बसले. नाडी, बीपी, घाम, श्वास, तासातासाला लिहून ठेवलं. त्यातून विषाचा खेळ उलगडला. विंचवाच्या विषाने शरीरातली ताणाची रसायनं एकदम उसळतात, रक्तवाहिन्या आवळतात, बीपी चढतं, हृदयावर इतका भार येतो की ते थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. १९८२ मध्ये त्यांची निरीक्षणं ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करायच्या, तर त्यासाठी प्राझोसिन नावाची बीपीची स्वस्त गोळी बाजारात होतीच. ती वापरायला लागल्यावर, जिथे गंभीर पेशंटपैकी शंभरात पंचवीस-तीस जात होते, तिथे एकाहूनही कमी जायला लागले. पुढे २०११ मध्ये त्यांनी महाडमध्येच ७० पेशंटवर रीतसर चाचणी करून दाखवलं, की प्राझोसिनला विंचवाच्या विषावरच्या लसीची जोड दिली तर पेशंट आणखी लवकर सावरतो. ती चाचणी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

यात कुठे कोट्यवधीचं यंत्र आहे? एक वही आहे, बीपीचं मशीन आहे आणि एक गोळी आहे. विंचू गावात चावतो, तर उत्तरही गावातच सापडलं. आमच्या मोठ्या मेडिकल कॉलेजांतून दर वर्षी शेकडो प्रबंध निघतात. एमडीसाठी मीही एक लिहिला, कोणाच्याही उपयोगाचा नव्हता, आता कुठे असेल देव जाणे. त्यातले किती विषय ठाण्या-पालघरच्या पाड्यांवर माणसं कशाने मरतात याला धरून असतात, हा प्रश्न तुम्ही एखाद्या कॉलेजच्या डीनला विचारून बघा.

आता दुसरी बाजू. पाड्यावरचे लोक मला म्हणतात, डॉक्टर, सर्वेवाले येतात, फॉर्म भरतात, रक्त नेतात, परत तोंड दाखवत नाहीत. हा आरोप खरा आहे आणि तो मान्य करावा लागेल. तुमच्या भाषेत समजावून न सांगता घेतलेला अंगठा म्हणजे संमती नव्हे. कोणी अभ्यासाला आलं तर विचारा: हे कशासाठी, रक्ताचं काय करणार, निकाल आम्हाला कोण सांगणार, आणि आमच्या दवाखान्यात त्यामुळे काय बदलणार? ‘नाही’ म्हणायचा हक्क तुम्हाला आहे, आणि नाही म्हटलं म्हणून उपचार अडवायचा हक्क कोणालाही नाही.

पण सगळे अभ्यास असे नसतात. आपल्या शेजारच्या पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यात, आयसीएमआरच्या मुंबईतल्या संस्थेने सर्पदंशावर काम केलं. त्यांनी आदिवासी गावकऱ्यांना सापांबद्दल काय माहीत आहे हे विचारलं, तेच भगतांना विचारलं, आशाताईंना विचारलं, आणि सरकारी डॉक्टरांनाही विचारलं. २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. गैरसमज गावकऱ्यांत होतेच, पण डॉक्टरांच्या ज्ञानातही मोठी भोकं निघाली. मला हा अभ्यास आवडतो तो यासाठी, की तपासणीच्या टेबलावर त्यांनी फक्त गावकऱ्याला झोपवलं नाही. डॉक्टरलाही झोपवलं.

आता माझं स्वतःचं.

तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एमबीबीएस होऊन बाँडवर एका ग्रामीण दवाखान्यात होतो. जागेचं नाव लिहीत नाही. श्रावणातली पहाट, पाचचा सुमार. एक बाप आपल्या दहा-अकरा वर्षांच्या पोराला खांद्यावर घेऊन आला. पोराच्या पोटात दुखत होतं, दोन उलट्या झाल्या होत्या. रात्री जमिनीवर झोपलेला. अंगावर कुठे काही खूण नाही. मी झोपेतून उठलेलो. पोट दाबून बघितलं, मऊ होतं. काहीतरी शिळं खाल्लं असेल म्हटलं, पोटदुखीचं इंजेक्शन दिलं, पुडी दिली, घरी पाठवलं.

साडेआठला तो परत आला. पोराच्या पापण्या मिटत होत्या, थुंकी गिळता येत नव्हती, आवाज गेलेला. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं. मण्यार. मण्यार रात्री बिछान्यात शिरतो, त्याचे दात इतके बारीक की खूण दिसत नाही, दुखत नाही, सूज येत नाही. पहाटे पोटात दुखतं आणि मग एकेक स्नायू लुळा पडत जातो. दवाखान्यात लहान मुलाच्या तोंडावर बसेल असा ॲम्बू बॅगचा मास्क नव्हता. जीपमध्ये घातलं. पोरगं वाटेत गेलं. मण्यारच्या पेशंटला श्वास देत राहिलं तर तो जगू शकतो, हृदय ठीक असतं, फक्त छातीचे स्नायू चालत नाहीत. हे मला पाठ होतं. परीक्षेत मी ते लिहिलंही होतं.

त्या दिवशी मी त्या बापाला काय म्हणालो सांगू? “उशिरा आणलंत.” रजिस्टरमध्येही तसंच लिहिलं. आणि मृत्यूच्या कारणात ‘हृदय व श्वसन बंद पडल्यामुळे’. अहो, मेलेल्या प्रत्येकाचंच हृदय आणि श्वसन बंद पडतं! साप हा शब्द त्या कागदावर कुठेच नव्हता. सरकारच्या लेखी ते पोरगं सापाने मेलंच नाही. तो माणूस पाच वाजता माझ्या दारात उभा होता. त्याने मला ते बोलूनही दाखवलं नाही. नुसता बघत राहिला.

म्हणून आता तुमच्यासाठी, कामाचं.

साप चावला की चावलेला भाग हाड मोडल्यासारखा हलता न ठेवता फळीला किंवा काठीला सैल बांधा. अंगठ्या, बांगड्या, जोडवी काढा, सूज आल्यावर निघत नाहीत. घट्ट दोरी आवळू नका, चिरा देऊ नका, तोंडाने रक्त ओढू नका. कोणी आधीच आवळून बांधलं असेल तर वाटेत सोडू नका, डॉक्टरांसमोर सोडा. सापाला मारायच्या मागे लागू नका. दुसरा चावा तिथेच होतो. लांबून फोटो मिळाला तर ठीक. १०८ ला फोन करा, पण गाडीची वाट बघत बसू नका. मोटारसायकल असेल तर पेशंट मधे, मागे धरणारा एक, आणि निघा. आणि पावसाळ्यात पहाटे कोणाच्या पोटात दुखतंय, गिळता येत नाहीये, पापण्या जड होताहेत, माणूस जमिनीवर झोपलेला होता, एवढं जुळलं तर खूण दिसो न दिसो, डॉक्टरला स्वतःहून सांगा: मण्यार असू शकतो. माझ्यासारखा झोपेतला डॉक्टर असेल तर जागा होईल. मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचून झोपलात तर मण्यारच्या चाव्याचा धोका बराच कमी होतो, मच्छरांचा फायदा वेगळा.

दवाखान्यात गेल्यावर लगेच इंजेक्शन दिलं नाही म्हणून भांडू नका. विषाची लक्षणं असली तरच ते देतात, कारण त्याची रिॲक्शन जोरदार येऊ शकते. पण मग तपासण्या झाल्या पाहिजेत आणि २४ तास देखरेखीखाली ठेवलं पाहिजे. घोणस-फुरशाचं विष रक्त गोठू देत नाही, त्याची तपासणी अगदी स्वस्त आहे: काचेच्या कोरड्या स्वच्छ नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, मग नळी आडवी करून बघायची. गोठलं नसेल तर विष आहे. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकची चालत नाही. इंजेक्शनचा डोस लहान मुलाला आणि मोठ्याला सारखाच असतो, साधारण ८ ते १० बाटल्यांनी सुरुवात. साप मूल बघून विष कमी सोडत नाही. लक्षणं असताना ‘पुढे न्या’ म्हणाले तर विचारा, पहिला डोस इथे सुरू करून मग पाठवाल का? तसं करायला डॉक्टरांना सांगितलेलं आहे. अनेक जण रिॲक्शनच्या भीतीने करत नाहीत. ती भीती मी समजू शकतो, एकट्याने रात्री दवाखाना सांभाळलाय. पण रिॲक्शनवरचं ॲड्रिनलिन काही रुपयांत मिळतं.

मग कागद. हा भाग कंटाळवाणा वाटेल पण सोडू नका. डिस्चार्ज कार्डावर ‘सर्पदंश’ हा शब्द आहे का बघा, आणि देव न करो, मृत्यू झाला तर मृत्यूच्या कारणात तो लिहून घ्या. मार्च २०२४ मध्ये केंद्राने सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा आणला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणून. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्यांना पत्र गेलं, की प्रत्येक सर्पदंशाची नोंद सक्तीची करा. पण नोंद होणार कागदावरून, आणि कागदावर काय लिहिलं जातं ते मी वर सांगितलंच आहे. शेतकरी कुटुंबाला राज्याच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून सापाच्या किंवा विंचवाच्या चाव्याने मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये मिळतात, तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. तिथेही कारण लिहिलेला कागदच लागतो. आणि सातबारा लागतो. म्हणजे दुसऱ्याच्या शेतात लावणीला गेलेली कातकरी बाई त्याच बांधावर, त्याच सापाने मेली तर या योजनेत तिचं घर बसत नाही. हे कोणाला तरी विचारायला हवं. आमदार तुमच्याकडे येतात तेव्हा विचारा, माझ्याकडे ते फक्त बीपी बघायला येतात.

आणखी एक. साप चावायची वाट न बघता, मे महिन्यात तुमच्या भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन-चार जण मिळून जा. आरडाओरडा नको, नीट विचारा. सापाच्या विषावरच्या किती बाटल्या आहेत आणि त्यांची मुदत कधी संपते? काचेची नळी आहे का? मोठ्यांचा आणि लहान मुलांचा ॲम्बू मास्क आहे का? रात्री डॉक्टर कोण असतं, त्यांचा नंबर काय? उत्तरं वहीत लिहून तारीख टाका आणि ग्रामसभेत वाचून दाखवा. शहरात राहणाऱ्यांनी गावी सुट्टीला गेल्यावर करावं.

त्या बाईच्या दिराची क्रिएटिनिन आता उतरते आहे. मागच्या भेटीत मी त्याच्या फाइलला एक पान जोडलं, साडेसहापासून सव्वाबारापर्यंतचा सगळा हिशेब, ठिकाणं आणि वेळांसह, खाली माझी सही आणि शिक्का. तुमच्याकडे असा हिशेब असेल तर तोही लिहून आणा. माझी ओपीडी रोज संध्याकाळी असते, या कामाचे पैसे घेत नाही.